रिद्धपूर, सहारा आणि एकच पाऊस

चौदाव्या शतकात महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामी कोणत्या गावी उतरले, तिथे कोणत्या देवळात राहिले, देवळाचे दार पूर्वेला की पश्चिमेला, शेजारचे दुसरे देऊळ कोणत्या दिशेला, अशी गावागणिक नोंद त्यात आहे. स्वामी जिथे बसले, जेवले, निजले त्या जागा पंथाने ओटे बांधून राखल्या आणि पोथीत दिशांसकट लिहून ठेवल्या. मलकापूरजवळच्या नरवेल गावी जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादित करून छापली. मराठीत जागेविषयी एवढ्या काटेकोरपणे लिहिण्याची सुरुवात महानुभावांनी केली आणि त्या लेखनाचे माहेर म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर.

चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू याच गावचे. भडोचहून रामटेकच्या यात्रेला निघालेले हरिपाळदेव रिद्धपुरात त्यांना भेटले आणि पुढे चक्रधर झाले. चक्रधरांच्या पश्चात त्यांचे शिष्य इथेच गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ आणि ‘गोविंदप्रभुचरित्र’ सिद्ध केले ते या मंडळींच्या आठवणी गोळा करून. त्यांच्यातल्या महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नगीते, गायली तीही इथेच, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने. गाव त्याहूनही जुने आहे. वाकाटकांची राणी, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिचा पाचव्या शतकातला ताम्रपट रिद्धपूरला सापडला. आता मराठी भाषा विद्यापीठही याच गावी सुरू झाले आहे.

इथल्या राजमठाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात. ते ओट्यांना दंडवत घालतात आणि परतीची गाडी धरतात. दुसरीकडे हिंडायला निघालेली मंडळी अमरावतीहून परतवाड्यामार्गे थेट चिखलदऱ्याला चढतात. रिद्धपूरच्या चहूबाजूंना पसरलेला निसर्गाचा ठेवा या दोघांच्याही वाटेत येत नाही. मला याची मनापासून खंत वाटते. चक्रधर ज्या वाटांनी चालले त्याच वाटांनी गेलो तर वऱ्हाडाची माती, पाणी, खडक आणि पाऊस यांची एक फार मोठी गोष्ट हाती लागते. तिचे दुसरे टोक थेट अल्जीरियाच्या वाळवंटात आहे.

पहिली वाट उत्तरेची. मोर्शीहून सालबर्डीकडे निघाले की संत्र्याच्या बागा संपतात आणि समोर गाविलगडचे डोंगर उभे राहतात. सालबर्डी हे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरचे ठिकाण. परंपरा सांगते की गोविंदप्रभूंकडून ज्ञानशक्तीचा स्वीकार केल्यावर चक्रधरांनी या डोंगरात बारा वर्षे एकांतात घालवली. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि डोंगरातल्या गुहेतल्या महादेवाला दोन्ही राज्यांतले लोक येतात. डोंगराच्या पोटात कोरलेली जुनी लेणीही इथे आहेत.

भूगर्भाच्या अभ्यासकांना सालबर्डी महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टच्या काळ्या कातळाखाली दडलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्याआधीचे सारे खडक झाकले गेले. सातपुड्याच्या या पायथ्याशी मात्र जमिनीला मोठा तडा आहे, गाविलगडचा भ्रंश. एक बाजू खचली, दुसरी वर आली आणि एरवी लाव्हाखाली गाडलेले वालुकाश्माचे थर इथे उजेडात आले. त्याच भेगांतून खोलवरचे तापलेले पाणी वर येते, म्हणून सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत.

वालुकाश्म मऊ दगड. कड्याच्या तळाचा थर पाण्यावाऱ्याने झिजून आत जातो आणि वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो. बेसाल्टच्या डोंगरात असे आडोसे क्वचित तयार होतात, वालुकाश्मात ओळीने मिळतात. २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्यासोबतचे निसर्गप्रेमी धारूळ गावाच्या उत्तरेला अंबादेवीच्या परिसरात असेच हिंडत असताना त्यांना आडोशांच्या भिंतींवर चित्रे दिसली. धारूळ अमरावती जिल्ह्यात, तर चित्रांचे कडे सीमेपलीकडे बैतूल जिल्ह्यात. पुढच्या काही वर्षांत ही मंडळी पुन्हा पुन्हा त्या जंगलात गेली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तिथे शोध घेतला आणि चित्रे असलेल्या आडोशांची संख्या शंभरापलीकडे गेली. पक्षी आणि प्राणी बघायला जाणाऱ्या माणसांनी, कोणतेही सरकारी काम नसताना, केवळ आवडीपायी हा शोध लावला, हे वऱ्हाडाने अभिमानाने सांगावे असे आहे.

या आडोशांत गेल्या गेल्या चित्र दिसेल अशी अपेक्षा धरू नये. आधी नुसती डागाळलेली भिंत दिसते. उजेड तिरपा पडला की तांबडी रेघ वेगळी होते, मग तिच्यातून शिंगे, पाठ, पाय असा प्राणी उमटतो. तांबडा रंग गेरूचा आहे. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज मिसळलेली माती. ती बारीक वाटून दगडाला लावली की रंध्रांत शिरते आणि तिथेच मुरते. काही आकृत्या पांढऱ्या आहेत, त्या बहुधा नंतरच्या. काही ठिकाणी जुन्या चित्रावर नवे चित्र चढवले आहे. रंगाऐवजी दगड टोचून काढलेल्या खुणाही आहेत आणि वाटीसारखे खळगेही.

या चित्रांचे वय काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. शोधकर्त्यांनी सर्वांत जुन्या खुणा सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे मांडले आहे. गेरूच्या चित्राचे वय काढणे अवघड असते, कारण कार्बनवरून काळ मोजण्याच्या पद्धतीला सजीवातून आलेला कार्बन लागतो आणि गेरूत तो नसतो. म्हणून आडोशातल्या मातीत सापडलेली दगडी हत्यारे, चित्रातले प्राणी, एकावर एक आलेले थर, असा चोहोबाजूंनी अदमास घ्यावा लागतो. सगळी चित्रे एका काळातली नाहीत, एवढे मात्र भिंतीकडे नीट पाहिले तरी कळते.

आता अल्जीरियाकडे वळू. आफ्रिकेतला हा सर्वांत मोठा देश, आणि त्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग सहारा वाळवंटाने व्यापला आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात तासिली न’अज्जेर हे वालुकाश्माचे पठार आहे. या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या जवळजवळ सहा पट. पठारावरच्या आडोशांत १५ हजारांहून अधिक चित्रे आणि कोरीव आकृत्या आहेत. युनेस्कोने १९८२ मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. सालबर्डीच्या बाजूला दिसतो तोच दगडाचा स्वभाव तिथे दिसतो: मऊ थर खाली, टणक थर वर, आणि मधल्या सावलीत माणसाने काढलेले चित्र.

तासिलीच्या चित्रांत हत्ती आहेत, जिराफ आहेत, गाईगुरांचे मोठमोठे कळप आहेत आणि पाणघोडेही आहेत. आज जिथे शेकडो किलोमीटर वाहती नदी नाही तिथे पाणघोडा! चित्रकारांनी तो मनाने रचलेला नव्हता. सुमारे अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीचा सहारा गवताळ होता आणि त्यात तळी होती. पठाराच्या खोल घळींत त्या काळाचे काही अवशेष टिकून राहिले. तिथल्या कुंडांत मगरी होत्या, त्यांतली शेवटची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारली गेली. तासिलीचा सरू हा वृक्ष जगात फक्त याच पठारावर नैसर्गिकरीत्या उगवतो. त्याची सुमारे २३० झाडे उरली आहेत आणि काहींचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास आहे. या झाडांच्या मुळांना आज मिळणारे पाणी फारच थोडे. नवी रोपे जवळजवळ धरतच नाहीत, म्हणून त्यातले प्रत्येक झाड अनमोल आहे.

सहारा हिरवा होता तो पावसाच्या कृपेने, आणि तो पाऊस आपल्या मान्सूनचा सख्खा भाऊ. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते हे सुमारे २३ हजार वर्षांच्या आवर्तनात बदलत राहते. आज ती जानेवारीत सर्वांत जवळ असते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ येत असे. उत्तर गोलार्धातली जमीन जास्त तापे, समुद्रावरचे ओले वारे जास्त जोराने आत ओढले जात आणि पाऊस आजच्यापेक्षा कितीतरी उत्तरेपर्यंत पोचे. आफ्रिकेत तो सहाराच्या पोटात शिरला. भारतातही मान्सून बळकट झाला. पुढे आवर्तन फिरले तसे दोन्हीकडचे वारे मंदावले, सहारा वाळला, आणि वऱ्हाडातही पावसाने हात आखडता घेतला.

त्याआधीच्या, हिमयुगातल्या काळाचा एक दाखला वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशात आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर माणसाने रेघांची जाळी कोरली होती. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे. शहामृग उघड्या, कोरड्या गवताळ माळावर राहणारा पक्षी. म्हणजे तेव्हा इकडे तसले माळ होते आणि माणसे त्या पक्ष्याच्या अंड्याचे मणी करून घालत होती. राजस्थान आणि मध्य प्रदेशातून मिळालेल्या अशा कवचांतला डीएनए हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तपासला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. तासिली आणि सातपुडा एकाच नात्यातले आहेत, असे मी म्हणतो ते या आधारावर.

दोन्ही ठिकाणच्या चित्रांना धोका एकच, पाहणाऱ्याचा उतावीळपणा. १९५६ मध्ये आंरी लोत या फ्रेंच संशोधकाची तुकडी तासिलीत चित्रांच्या प्रतिकृती काढायला गेली. रंग ठळक दिसावेत म्हणून त्यांनी भिंती ओल्या केल्या. हजारो वर्षे कोरड्या हवेत टिकलेले रंग त्या ओलीने फिकटले. त्या प्रतिकृतींनी तासिलीला जगभर नाव मिळवून दिले, पण भिंतींनी त्याची किंमत मोजली. आज जानेत गावाहून स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय पठारावर जाता येत नाही, आणि हा नियम मला अगदी योग्य वाटतो. धारूळच्या जंगलात जाणाऱ्यानेही गावातला माणूस सोबत घ्यावा, चित्रावर पाणी शिंपडू नये, बोट लावू नये, आडोशात चूल पेटवू नये. धुराची काजळी भिंतीवर बसली की ती काढताना खालचा रंगही निघतो. त्या परिसरात देवीचे ठाणे आहे आणि गुराखी पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. या जागा जपायच्या तर पहिला मान त्यांचा, आणि पहिला रोजगारही त्यांना मिळायला हवा.

डोंगर उतरून पुन्हा रिद्धपूरकडे आलो की एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या टापूत भारताचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते. मोर्शी-वरुडकडचे ओढे वर्धा नदीला मिळतात, तिचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. चांदूरबाजार-अचलपूरकडचे ओढे पूर्णेला मिळतात आणि पूर्णा तापीतून अरबी समुद्र गाठते. वाटणी होते त्या जागी ना उंच डोंगर आहे ना पाटी. दोन शेतांमधल्या बांधावर पडलेला पाऊस दोन दिशांना जातो.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, त्याला बजाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पाणी या थरात झपाट्याने मुरते. मोर्शी-वरुडची संत्री या भूजलावर वाढली आणि आता तिथेच उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला आहे. विहीर आटली की बोअर, बोअर आटला की आणखी खोल बोअर, आणि शेवटी उभी झाडे तोडण्याची पाळी. सहारात पाऊस हटायला हजारो वर्षे लागली. इथे जमिनीखालचे पाणी एका पिढीत खाली गेले, हे संत्र्याच्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे.

याच्या दक्षिणेला खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव अशा तालुक्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांना तो पसरला आहे, सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. उत्तरेला भ्रंश आणि त्यामुळे खचलेली जमीन, तिच्यात लक्षावधी वर्षे साठलेला शेकडो मीटर जाडीचा गाळ. गाळ चिकण, उतार नाममात्र, त्यामुळे पाणी वाहून जात नाही आणि त्यातले क्षार जागीच राहतात. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीन चोपण होते. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, भेगांतून खाली जातात, पाऊस पडला की वर चिखल होतो आणि ऊन पडले की दगड. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरून ते पिकाला देणे, हा उपाय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि शेतकऱ्यांनी इथे करून पाहिला आहे आणि त्यावर हरभऱ्यासारखी पिके उभी राहतात. पर्यटनाच्या पुस्तकात खारपाणपट्ट्याला कधी जागा मिळत नाही. मी त्याला आवर्जून देतो. अल्जीरिया-ट्युनिशियाच्या मिठागरी सखल भागांना पाहायला लोक विमानाने जातात. आपल्याकडे तसेच खारे पाणी भुईखाली आहे आणि त्याच्या वर हजारो कुटुंबे कपाशी, तूर पिकवून जगतात.

या पट्ट्यातल्या गावांना प्यायला पाणी येते ते वान आणि शहानूर या धरणांतून, म्हणजे मेळघाटच्या डोंगरातून. मेळघाट हा १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत निवडला गेला, महाराष्ट्रातला तो पहिला. तिथले साग आणि तिथला वाघ यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रान पिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडले नव्हते. १९९७ मध्ये ते शहाद्याकडे पुन्हा दिसले आणि पुढे मेळघाट हे त्याचे मोठे आश्रयस्थान ठरले. पण तेल्हाऱ्याच्या एखाद्या घरातल्या माठाशी मेळघाटचे नाते आहे, हे मला वाघाइतकेच मोलाचे वाटते.

पूर्णेचे खोरे ओलांडून दक्षिणेला गेलो की बुलडाणा जिल्ह्यात लोणार लागते. हेही चक्रधरांच्या वाटेवरचे गाव. गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि खाली १.८ किलोमीटर व्यासाचे, सुमारे दीडशे मीटर खोल गोल विवर दिसते. तळाशी हिरवट पाणी. पूर्वी याला ज्वालामुखीचे मुख समजत. १९७३ मध्ये इथल्या खडकांत प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले खनिज सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताने विवर झाल्याचे सिद्ध झाले. बेसाल्टमध्ये झालेले इतके ठळक आणि शाबूत विवर पृथ्वीवर दुसरे नाही, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारेही इथे येतात. २०१० च्या सुमारास आर्गॉनच्या पद्धतीने काढलेले त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे.

काठावरच्या ‘धार’ या झऱ्याचे पाणी गोडे आहे, बारमाही वाहते आणि यात्रेकरू तिथे अंघोळ करतात. तेच पाणी खाली उतरून सरोवराला मिळाले की खारे होते. विवराला बाहेर जाणारी वाट नाही, पाणी फक्त वाफ होऊन जाते आणि सोबत आलेले क्षार मागे राहतात. सरोवराचा सामू दहाच्या आसपास आहे, म्हणजे साबणाच्या पाण्याइतका. ‘आईन-ए-अकबरी’तही लोणारच्या खाराचा उल्लेख आहे. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले.

लोणारचा खरा ग्रंथ मात्र पाण्याखाली आहे. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळात नळी घालून सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा बाहेर काढला. गाळ दरवर्षी थोडा थोडा साचतो, म्हणून गाभ्यात जितके खाली जावे तितके मागच्या काळात पोचता येते. दहा मीटरांत जवळजवळ अकरा हजार वर्षे मिळाली. तळाकडचा गाळ भरपूर पावसाचा आहे, सहारा हिरवा होता त्याच काळातला. वर येता येता गाळात गेलुसाइटचे स्फटिक दिसू लागतात. कॅल्शियम आणि सोडियम यांचे हे कार्बोनेट सरोवर फार आटले तरच तयार होते. स्फटिकांचे दोन काळ ठळक आहेत: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. मान्सून दीर्घकाळ मंदावल्याचे हे पुरावे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा काळ पाहा. प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट, यादवांचे राज्य, रिद्धपुरात गोविंदप्रभूंभोवती जमलेली शिष्यमंडळी, म्हाइंभटांचे लेखन, हे सारे त्यातच येते. आपण ज्या शतकांना मराठीच्या उदयाची शतके म्हणतो ती वऱ्हाडात पाऊस कमी असलेली शतके होती. कोरड्या काळात या लोकांनी देवळे बांधली, बारवा खणल्या आणि एक भाषा उभी केली.

आता लोणारला उलटाच धोका आहे. गावाचे सांडपाणी बरीच वर्षे विवरात उतरत राहिले, आणि गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी वाढून काठाच्या मंदिरांपर्यंत पाणी चढले. गोडे पाणी वाढले की खारेपणा उतरतो आणि खाऱ्या पाण्यावरच जगणारे सूक्ष्मजीव मागे हटतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या सरोवराच्या जतनात अनेकदा लक्ष घातले आहे. प्रवाशाने इथे उतरताना कपडे-भांडी धुऊ नयेत, प्लास्टिक खाली नेऊ नये, आणि गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहून वेळ उरला तर काठाच्या वरच्या कडेने पूर्ण फेरी मारावी. उल्केच्या आघाताने उलथून वर आलेले बेसाल्टचे थर तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या फेरीला आणि धारूळच्या आडोशांनाही उत्तम.